थोरल्या मालकांची दुपारची झोप

मानवजातीचा इतिहास हा खरं पाहता थंडीचा इतिहास आहे. आग सापडली तेव्हा माणूस नुसता माणूस झाला. थंडी पेटीत कोंडायला शिकला त्या दिवशी तो सुसंस्कृत झाला.

हे विधान माझं नाही. मटणाच्या दुकानात जो उभा काचेचा फ्रीज होता, त्याच्या कंपनीने दारावर एक रंगीत कागद चिकटवून दिला होता, त्यावर हे छापलेलं होतं. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, की दाराचं रबर वेळच्या वेळी बदलून घ्यावं. मोठ्या अक्षरांतलं सगळ्यांना पाठ होतं. रबर कुणी बदललेलं नव्हतं.

दुकान थोरल्या मालकांनी काढलेलं. त्यांचा मुलगा पन्नाशी उलटून गेला, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं, तरी बाजारात तो ‘धाकटे मालक’च राहिला, कारण थोरले मालक जागा सोडायला तयार नव्हते. कंबर मोडल्यापासून ते दुकानामागच्या खोलीत खाटेवर असत. पण दोन्ही वेळच्या विक्रीच्या वेळी त्यांना खुर्चीसकट बाहेर आणून ठेवावं लागे. तिथून ते गिऱ्हाइकांची विचारपूस करत, सुरा कसा धरावा हे मुलाला सांगत, आणि गर्दी जरा बरी असली की आपलं ठेवणीतलं वाक्य बोलत: माझ्या दुकानातलं खाऊन कुणाचं पोट बिघडलं असेल तर त्याने पुढे यावं.

आजवर कुणी पुढे आलेलं नव्हतं. ज्याचं पोट बिघडलंय तो माणूस पुढे यायच्या अवस्थेत नसतो, ही गोष्ट थोरल्या मालकांच्या ध्यानात कुणी आणून दिली नाही.

पण ते खोटंही बोलत नव्हते. त्यांच्या काळी दुकानात फ्रीज नव्हता, आणि नव्हता म्हणूनच शिळं काही नव्हतं. पहाटे कापलेलं आकड्याला लागायचं, ऊन चढायच्या आत संपायचं, मटण कापायचा ओंडका खरवडून मीठ मारलं की दुकान बंद. उरलं तर मालकाचा अंदाज चुकला, असं ते मानत. फ्रीज मुलाने आणला. मग उरायला लागलं, कारण उरलेलं ठेवायला जागा झाली. विशेषतः खिमा. संध्याकाळी तळाशी राहिलेला खिमा दुसऱ्या दिवशी ताज्यात मिसळून जायचा, आणि मिसळला की तोही ताजाच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. फ्रीजच्या आत एक गोल काट्याचं तापमापक टांगलेलं होतं, गिऱ्हाइकाला दिसेल असं, आणि काटा नेहमी निळ्या पट्ट्यात असे.

नेहमी म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी.

दुपारचं असं झालं, की फ्रीज आणि खाट यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पातळ. फ्रीजची मोटर सुरू होताना आधी घसा खाकरायची, मग भिंतीला ढुशा द्यायची, मग सगळा संसार हलवत घरघरत राहायची. थोरल्या मालकांची उशी बरोबर भिंतीच्या त्या बाजूला. खाट दुसरीकडे लावावी तर खोलीत दुसरीकडे नव्हतंच. एकदा जेवता जेवता म्हातारा म्हणाला, “काय घरघर आहे रे ही.” बस. सूनबाईंनी पदराला हात पुसले, दुकानात गेल्या आणि बटण बंद केलं.

त्या दिवसापासून तो घरचा रिवाजच झाला. जेवणं आटोपली की शटर अर्ध्यावर यायचं, फ्रीजच्या काचेवर ओलं फडकं पडायचं, बटण खाली. सूनबाई चपला काढून चालायच्या. धाकटे मालक फोनवर कुजबुजायचे. रस्त्यातून एखादा फेरीवाला ओरडत आला तर त्याला हातानेच पुढे घालवायचे. चार घरांत म्हाताऱ्यांना कसं वागवतात ते दिसत होतं. त्यात या घरातली ही सेवा बघून गल्लीतल्या बायका आपापल्या सुनांकडे सूचक नजरेने बघत. म्हाताऱ्याच्या चहाची वेळ झाली, खोलीतून खोकला ऐकू आला, की बटण वर. मोटर घसा खाकरायची. काटा हळूहळू निळ्यात परत यायचा. फडकं काढेपर्यंत तो तिथे पोचलेला असायचा, किंवा पोचत आलेला तरी. सरकारी तपासणी नेहमी सकाळी यायची, त्यामुळे सरकारलाही काटा निळ्यातच दिसला.

बाहेर ऊन कसं होतं हे मी सांगत नाही. उन्हाळा होता, एवढंच लक्षात ठेवा.

पहिलं आजारी पडलं ते शिवणवाल्या मावशींच्या नातीचं पोट. मावशींचं शिवणाचं दुकान दोन घरं सोडून. पोर आईविना मावशींकडेच वाढत होती आणि तिला खिम्याचे गोळे फार आवडायचे, वरून लाल आणि आत जेमतेम शिजलेले, लोण्यासारखे मऊ. पोरीला जुलाब लागले, मग त्यात रक्त दिसलं, मग लघवी होईना. लगेच पाठोपाठ थोरले मालक. त्यांच्या तोंडात दात नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी सूनबाई खिमा फार आटवत नसत, मऊ पडला की उतरवायच्या. घरचाच माल, त्यात कसली भीती.

दोघंही एकाच इस्पितळात. पोर खाली, मुलांच्या कक्षात; म्हातारा वर, मोठ्यांच्या. डॉक्टरांनी दोघांनाही एकाच तऱ्हेचे प्रश्न विचारले आणि प्रयोगशाळेला कळवलं.

प्रयोगशाळेच्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आल्या. बर्फाची पेटी खांद्याला, पायात बंद बूट, चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. त्यांनी ओंडका पुसून एक कापूस नळीत घातला, खिम्याच्या यंत्राचं तोंड उघडून दुसरा, फ्रीजमधला खिमा पिशवीत भरून घेतला. काटा पाहिला, निळ्यात होता. दार लावून पाहिलं तेव्हा ते आपसूक किंचित उघडलं. त्याकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. निकाल हाती येईपर्यंत खिमा विकू नका म्हणाल्या. मग धाकट्या मालकांना समजावून सांगितलं, की मोठ्या तुकड्याला जंतू वरवर चिकटतात, आच लागली की मरतात. खिम्यात ते आतबाहेर सगळीकडे कालवले जातात. त्यातले काही जंतू असं विष सोडतात की मूत्रपिंडं बंद पडतात, मुलांची आणि म्हाताऱ्यांची आधी. थोडेही पुरतात, पण आजार इतका जोरात आला तर ते फार झाले असणार. त्यांना वाढायला ऊब मिळाली असणार.

“आले कुठून ते आम्ही शोधू,” बाई म्हणाल्या. “वाढले कुठे ते तुम्ही सांगा. हा फ्रीज कधी बंद असतो का?”

धाकट्या मालकांच्या हातात फडकं होतं. तेच, काचेवरचं. ते त्यांनी घडी घालून काउंटरवर ठेवलं.

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही.”

दुकानाला टाळं लागेल ही धास्ती होतीच, नव्हती असं कोण म्हणेल. पण खरं कारण वेगळं होतं. हो म्हटलं तर बाई पुढे विचारणार, कशासाठी. आणि त्या ‘कशासाठी’चं उत्तर इस्पितळात पलंगावर पडलेलं होतं. डॉक्टरांनी धाकट्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की वय पाहता मूत्रपिंडं पुन्हा चालू होतील अशी आशा धरू नका, यंत्रावर घेतलं तर शरीर सोसणार नाही. म्हणजे बाप जाणार होता. जाताना त्याला सांगायचं का, की तुमच्या झोपेपायी तुम्ही चाललात, आणि सोबत मावशींच्या पोरीलाही ओढताय? त्यापेक्षा आयुष्यभर बोललेलं वाक्य खरं मानूनच जाऊ दे. मुलाने बापाला द्यावं असं त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

बाईंनी ‘नाही’ असं लिहून घेतलं, फोन नंबर दिला आणि गेल्या. सूनबाई दाराआडून ऐकत होत्या. दुपारी जेवण झाल्यावर, म्हातारा घरात नसताना, सवयीने उठून त्या फ्रीजपाशी गेल्या, बटणावर हात ठेवला, आणि तशाच मटकन खाली बसल्या.

धाकटे मालक इस्पितळात पोचले तेव्हा खालच्या मजल्यावर बाकावर मावशी होत्या. मांडीवर चहाचा थर्मास, गळ्यात अजून मापाची टेप; घरून निघताना काढायची राहिली ती राहिलीच. त्यांनी धाकट्या मालकांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे मालक वगैरे त्यांच्या तोंडी यायचं नाही. थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी पुढे केला. पोरीचा चेहरा सुजलाय म्हणाल्या, ओळखते पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, वय तिच्या बाजूने आहे. मग धाकट्या मालकांच्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, की तुझ्याही बापाला तेच, म्हणजे हे नळाच्या पाण्याचंच बघ काम. गटाराची नळी फुटली असणार कुठेतरी. सगळ्या गल्लीने मिळून पाणीखात्याच्या साहेबाला जाब विचारला पाहिजे, आणि पुढे तू हो, तुझं लोक ऐकतात.

धाकट्या मालकांनी चहाचा घोट घेतला.

“तुझ्याकडचा खिमा आहे अजून घरी,” मावशी म्हणाल्या. “बर्फाच्या कप्प्यात ठेवलाय. पोर घरी आली की आधी तेच मागणार बघ.”

धाकटे मालक म्हणाले, तो नका देऊ.

मावशींना ते पटलं. आधी पातळ पेजच देईन म्हणाल्या, लगेच कसा सोसेल. चार दिवसांनी देईन.

तिथे बोलता आलं असतं. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते, असं ते नंतर सांगत. पण मावशींचा हात पाठीवर होता. त्यांनी झाकण परत केलं आणि जिना चढले.

वरच्या कक्षात थोरले मालक डोळे मिटून पडले होते. पोट फुगलेलं, हात काडीसारखे, कातडीला पिवळट रंग. शेजारच्या पलंगावरचा माणूस भिंतीकडे तोंड करून कण्हत होता. छताला एक पंखा, संथ, फिरता फिरता विचार बदलल्यासारखा. धाकटे मालक स्टुलावर टेकले, तोच फोन वाजला. सूनबाई होत्या. खानावळवाला आठवड्याचा माल न्यायला आला होता, मजुरांची पंगत त्याच्याकडेच जेवते. खिमा बाईंनी विकू नका म्हटलंय, तर त्याचं म्हणणं, खालच्या कप्प्यातले तुकडे आणि कलेजी तरी द्या, ते कुठे खिमा आहे? सूनबाईंचा आवाज चिरका झाला होता. अहो, तो काउंटरला टेकून उभा आहे, पिशव्या घेऊन आलाय, मी काय सांगू?

तो सगळा माल त्याच फ्रीजमधला होता, आणि त्याने दुपारची तीच ऊब खाल्लेली होती. दिला तर गल्लीत कुणाला काही कळणार नव्हतं. नाही दिला तर खानावळवाला का म्हणून विचारणार, आणि त्याला कळलेली गोष्ट जेवायला बसलेल्या पहिल्या पंगतीत वाढली जाते.

धाकटे मालक फोन कानाला लावून बसून राहिले. पलीकडून खानावळवाल्याचा आवाज येत होता. दार नीट लागत नाही म्हणून तो सूनबाईंना चिडवत होता, की तुमचा फ्रीज पाहुण्यांना फार लवकर आत घेतो, वहिनी.

“देऊ नको,” ते म्हणाले. “काहीच देऊ नको. फ्रीज रोज दुपारी बंद असतो म्हणून सांग त्याला. हो, असंच सांग. मोठ्याने सांग.”

फोन ठेवून वर पाहिलं तर म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते.

“फ्रीज बंद असतो?” थोरल्या मालकांनी विचारलं. आवाज अगदी बारीक, पण शब्द मालकाचेच.

“दुपारी. रोज.”

“कशासाठी?”

“तुमची झोप मोडू नये म्हणून, बाबा.”

म्हाताऱ्याने डोळे परत मिटून घेतले. धाकट्या मालकांना वाटलं, गेलाच. मग ओठ हलले.

“मी कुठे झोपत होतो?”

शेजारच्या पलंगावरचा माणूस कण्हायचा थांबला.

“म्हणजे?”

“दुपारी मला उभ्या जन्मात झोप नाही,” थोरले मालक म्हणाले. “डोळे मिटून पडायचो. सूनबाई चपला काढून चालतेय, तू कुजबुजतोयस, शटर खाली. म्हटलं, तेवढाच तुम्हाला विसावा. मी उठून बसलो की परत धावपळ. म्हणून पडून राहायचो. चहाची वेळ झाली की खोकायचो.”

“पण घरघर होते म्हणून तुम्हीच म्हणाला होतात.”

“म्हणालो असेन. जेवताना माणूस काहीही म्हणतो.” श्वास घ्यायला ते थांबले. “आवाज थांबायचा ते कळायचं मला. मला वाटायचं, दुपारी लाइट जाते.”

बापाला मुलाची दया आली होती, मुलाला बापाची; आणि दोघांच्या मधल्या भिंतीपलीकडे खिमा कोमट होत होता. एवढ्या वर्षांत त्यातल्या एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. विचारायचं काय? चांगल्या घरांत अशा गोष्टी विचारत नाहीत.

“मावशींची पोर?” म्हाताऱ्याने विचारलं.

“खालीच आहे.”

“आपल्याकडचंच?”

धाकट्या मालकांनी मान हलवली.

“मावशींना माहीत आहे?”

“त्या पाण्याला दोष देतायत. आणि उरलेला खिमा पोरीसाठी जपून ठेवलाय त्यांनी.”

“मग इथे कशाला बसलायस?” थोरले मालक म्हणाले.

धाकटे मालक खाली गेले. जिन्याच्या वळणावर उभं राहून त्यांनी आधी प्रयोगशाळेच्या बाईंना फोन लावला आणि सकाळी खोटं बोललो असं सांगितलं. बाईंनी आवाज चढवला नाही. फ्रीज रोज किती वेळ बंद असायचा, माल कुणाकुणाकडे गेला, हे विचारत गेल्या आणि आठवतील तेवढी घरं धाकटे मालक सांगत गेले. आपल्या गल्लीत किती घरं आपल्याकडचं खातात याचा त्यांना आजवर अभिमान होता. आता ती संपता संपेनात.

मग ते मावशींच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. बाकावर बसायची हिंमत झाली नाही. पाणी नाही मावशी, म्हणाले, आमचाच खिमा. रोज दुपारी फ्रीज बंद ठेवत होतो आम्ही. तुमच्या घरी आहे तो पुरून टाका, कुत्र्यालासुद्धा घालू नका. कारण काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. मग थर्मास उचलला, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसल्या आणि काचेच्या दाराकडे बघत राहिल्या, ज्याच्यामागे पोर होती.

धाकटे मालक वर आले. ते पलंगाच्या उशाशी, म्हाताऱ्याच्या अगदी अंगावर वाकून उभे राहिले.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. उठून दुसऱ्या बाकावर बसल्या.”

थोरल्या मालकांनी डोळे मिटले. खानावळवाल्याकडे आतापर्यंत पहिली पंगत बसली असेल. दुकानावर कुलूप पडेल, पाटी उतरेल, आणि ठेवणीतल्या वाक्यातल्या ‘पुढे यावं’चं उत्तर म्हणून एक लहान पोर खालच्या मजल्यावर पडून होती. मुलाला ठाऊक होतं की बाप आता काहीतरी बोलणार. लहानपणापासून प्रत्येक प्रसंगाला बापाचं एक वाक्य असायचं. सुऱ्याबद्दल, धंद्याबद्दल, माणसांबद्दल. हे शेवटचं असणार होतं. शिव्या असतील, नाहीतर क्षमा असेल. दोन्हीची तयारी करून, रडू आवरून, ते आणखी खाली वाकले.

म्हाताऱ्याने छातीत जमेल तेवढा श्वास भरून घेतला.

“ऐक,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या ताटात ज्याचा हात असतो ना, त्याने...”

श्वास तिथेच संपला. ओठ कोरडे पडले होते. ते त्यांनी एकमेकांवर घासले. धाकटे मालक वाट बघत राहिले. शेजारचा माणूसही कुशीवर वळून वाट बघत होता.

“त्याने काय, बाबा?”

थोरल्या मालकांनी डोळे उघडले आणि मुलाच्या डोक्यापलीकडे, वर छताकडे पाहिलं.

“जरा बाजूला सरक,” ते म्हणाले. “पंख्याचा वारा अडतोय तुझ्यामुळे.”